डोळ्यांची आखणी

माझ्या पायाला भिंगरी आहे, असं आई म्हणायची. त्या वर्षी तर खरंच होती. सासर रोह्याला, माहेर हमरापूरला. दर रविवारी एसटीने माहेरी जायचं आणि पोचल्या पोचल्या परत निघायची घाई करायची. त्या घरात मला बसवत नव्हतं, कारण बाबांना नसलेली माणसं दिसायला लागली होती.

आमचा गणपतींचा कारखाना. बाकीचा रंग कुणीही द्यावा, डोळ्यांची आखणी मात्र बाबांचीच. श्वास रोखून ते बुबुळाची रेघ ओढायचे. ती रेघ उमटली की देव बघायला लागला, असं आमच्याकडे मानतात. म्हणून बाबा जेव्हा म्हणाले, “फळीवर दोन पोरं बसलीत, बोलत काय नाय,” तेव्हा कुणाला नवल वाटलं नाही. वहिनीने हात जोडले. “इतक्या देवांचं डोळं उघडलं, त्यांना दिसणारच.”

झालं! आळीतल्या बायका प्रश्न घेऊन यायला लागल्या. मुलीचं लग्न कधी, मुलाला कंपनीत घेतील का. बाबा कळवळून सांगायचे, “अगो, ती पोरं काय बोलतच नाय, मी काय सांगू?” लोकांना तो त्यांचा नम्रपणा वाटायचा. माझा नुसता जळफळाट व्हायचा.

कारण बाकीचं कुणी बघतच नव्हतं. बाबा पाय घासत चालायचे. सकाळी भिंतीकडे टक लावून बसलेला माणूस दुपारी गिऱ्हाइकाशी रंगावरून हुज्जत घालायचा. झोपेत ओरडायचे, हात झाडायचे. एकदा आईचा ओठ फुटला. आणि एका मूर्तीचा डावा डोळा त्यांनी भुवईला टेकवला. दादाने गुपचूप तो पुसून पुन्हा काढला आणि मग बाबांना पेणच्या एका डॉक्टरकडे नेलं.

त्या डॉक्टरांनी वार विचारला, पंतप्रधान विचारले, नातवंडांची नावं विचारली. बाबांनी सगळं धडाधड सांगितलं. “आठवण ठणठणीत आहे. हा मनाचा आजार,” असं म्हणून त्यांनी इंजेक्शन आणि गोळ्या दिल्या. फळीवरची पोरं गेली, पण बाबाही गेले. अंग लाकडासारखं ताठ, तोंडातून लाळ, चहाचा घोट गिळता येईना.

“शांत झाले,” दादा म्हणाला.

“शांत नाय, आडवे केलेत तुम्ही त्यांना!” मी घर डोक्यावर घेतलं. गोळ्या बंद केल्यावर बाबा उठून बसायला बरेच दिवस लागले. बसले, आणि पोरं परत आली. सीझन तोंडावर, घरात गिऱ्हाइकं, त्यात बाबांचं ओरडणं. दादा म्हणाला, अर्धी-अर्धी गोळी देऊन बघू. तेव्हा मी बाबांना आणि आईला सरळ रोह्याला घेऊन आले.

रोह्याला मुंबईहून मेंदूचे एक डॉक्टर यायचे. त्यांनी आधी आईला विचारलं, झोपेतलं ओरडणं कधीपासून? “लई वर्षं झाली,” आई म्हणाली. “आमी हसायचो त्यांना.” मग डॉक्टरांनी एकात एक अडकलेल्या दोन पाचकोनी आकृत्या काढल्या आणि बाबांना तशाच काढायला सांगितल्या. बाबांनी पेन्सिल धरली, अगदी कुंचला धरायचे तशीच. रेघा चार दिशांना गेल्या. बाबा कागदाकडे बघत राहिले. “हे मी नाय काढलं,” ते म्हणाले. मला तिथून पळून जावंसं वाटलं.

डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं: लुई बॉडी. मेंदूच्या पेशींत एक प्रथिन साचतं. विसरणं मागाहून येतं. आधी डोळ्यांना दिसलेलं नीट जुळत नाही, नसलेली माणसं दिसतात, अंग ताठरतं, आज चांगलं तर उद्या वाईट. रक्तात सापडत नाही, फोटोत दिसत नाही, सगळं एकत्र मांडूनच ओळखायचं. “आणि त्या गोळ्या अर्ध्यासुद्धा नाही. पुन्हा दिल्यात तर दगावतील.” बाबांना आणि आईला हमरापूरला परत सोडलं तेव्हा मी हे दादाला सांगितलं. राहिलेल्या गोळ्या त्याने स्वतःच फेकल्या.

पुढच्या रविवारी मी गेले तेव्हा बाबा लख्ख होते. “डॉक्टर काय बोलला? खरं सांग गो.”

मी खरं सांगितलं. बरं होणार नाही, येईल-जाईल, आणि वाढत जाईल.

मी पर्स उचलली, एसटीची वेळ झाली होती. तेव्हा बाबा म्हणाले, “जाऊ नको. मी हाय तवर बस. जाईन तवा मला सांगता यायचं नाय.”

मी बसले. आईने चहा आणला, आम्ही तो प्यालो. कप खाली ठेवून बाबांनी माझ्याकडे पाहिलं, धोतर सारखं केलं आणि अदबीने विचारलं, “तुमी कुठनं आलाव, ताई?”

“रोह्याहून,” मी म्हटलं.

“मंग बसा की. माझी लेक पन तिकडंच दिलीय. ती काय बसत नाय कधी.”