मान वर की खाली

तलावावर पोहायला शिकवणाऱ्या मास्तरांना पाठीमागे सगळे 'दुरुस्ती मास्तर' म्हणत. निम्म्या शहराला त्यांनी पोहायला शिकवलं होतं, आणि त्यातल्या कित्येकांना रस्त्यात गाठून, "तुम्हाला शिकवलं ते चूक होतं बरं का," असंही ऐकवलं होतं.

तरुणपणी ते सांगत: मान वर, नजर समोर. मग कुठल्याशा शिबिरातून शिकून आले की हात पोटाखालून नागमोडी ओढायचा. पुढे नागमोडी हात बाद झाला. कोपर उंच आणि हात सरळ मागे. शेवटी तर मानच खाली गेली, नजर तळाच्या फरशीवर. दर वेळी मास्तर आधीचं विसरून नव्याची तितक्याच जोरात शपथ घेत. बँकेतले कॅशियर मान वर काढून पोहत, त्यांची मुलगी नागमोडी हात मारी आणि नातू फरशा बघत जाई. एका घरात तीन पंथ, आणि गुरू एकच!

बायकोला मात्र त्यांनी काहीच शिकवलं नव्हतं. लोकांना काय, कसंही चालतं. घरच्या माणसाला अर्धंकच्चं कसं द्यायचं? "जरा थांब, पद्धत एकदा पक्की होऊ दे," असं ते लग्नापासून सांगत आले. ती थांबली. थांबता थांबता तिचे गुडघे धरले. पोहा, नाहीतर काठी घ्या, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं.

"अहो, काठी आणू की पोहू?" जेवताना तिने विचारलं.

"पुढच्या आठवड्यात शिबिर आहे. श्वासाचं काहीतरी नवीन निघालंय. तेवढं ऐकून येतो, मग लगेच."

"बरं," ती म्हणाली. इतक्या वर्षांच्या संसारानंतर मास्तरांना त्या 'बरं'चा अर्थ कळायला हवा होता.

शिबिराहून ते बॅगेसकट थेट तलावावर आले. दुपारची वेळ, तलाव रिकामा. काठावर तिकीट खिडकीवरची बाई हातात बांबू धरून उभी होती आणि पाण्यात त्यांची बायको पोहत होती. मान वर, हात नागमोडी, मधेच कोपर उंच. पाय बेडकासारखे, ते मात्र कुठल्याच पंथाचे नव्हते.

"कोणी शिकवलं?" मास्तरांनी विचारलं.

"तुम्हीच. स्टुलावर पालथं पडून हात मारत बडबडायचात ना घरात? स्वयंपाकघरात सगळं ऐकू येतं."

मास्तरांना एका नजरेत ढीगभर चुका दिसल्या. जीभ वळवळली. पण बायको तरंगत होती, आणि त्यांच्यावाचून तरंगत होती. त्यांना फार वाईट वाटलं, आणि तिचा अभिमानही वाटला. चड्डी बदलून ते तिच्या शेजारी उतरले आणि अगदी ताज्या पद्धतीने, मान खाली घालून निघाले.

ती काहीतरी बोलत होती. पाण्याखाली नुसती बुडबुड ऐकू येई. श्वास घ्यायला त्यांनी तोंड बाहेर काढलं, तर ती थांबून दोरीला धरून होती.

"एवढी वर्षं तुमच्याबरोबर पोहायची वाट बघितली," ती म्हणाली, "आणि तुम्ही फरशा बघत चाललात."

मास्तरांनी मान वर काढली, आणि उरलेला तलाव ते तिच्याशी गप्पा मारत, सगळं चुकवत पोहत गेले.