आमचं पाणी, वेंगुर्ल्याचं पाणी

आतेला गप्प करायचं असेल तर आजी तिच्या हातात भरलेली कळशी द्यायची. जन्मापासून ऐकू न येणारी आते हातांनी बोलायची, आणि तिच्याइतकी भांडखोर बाई आमच्या मालवणच्या वाडीत दुसरी नव्हती.

तिच्या खुणा तिनेच केलेल्या. विहिरीचा दोर ओढला की पाणी. मनगटावर रेघा ओढल्या की बांगडा. बोटाने दात घासले की मशेरीवाली आजी, म्हणजे तिची आई. किनाऱ्यावर मासे घेताना सगळे तिच्याशी असेच बोलत. मुक्यांची भाषा जगभर हीच, असं आम्ही धरून चाललो होतो.

आधीची स्थळं आतेने स्वतः मोडली. बोलता येणारा नवरा आपल्याशी बोलायचा कंटाळा करील, हे तिचं म्हणणं. मग वेंगुर्ल्याचं स्थळ आलं. मुलगाही मुका, मुंबईला मुक्यांच्या शाळेत शिकून शिंपी झालेला.

"मुक्याक मुकी. आपसूक जमतला," काका म्हणाले. पाहुणे बघायला यायचे होते त्या दिवशी आते सकाळपासून कुणाशीही भांडली नाही.

पाहुणे येऊन बसले तसा मुलाने अंगठा ओठांना लावला. आते नुसती बघत राहिली.

"पाणी मागता तो," त्याची आई म्हणाली.

आतेने दोर ओढून दाखवला. तो गोंधळला. त्याने भराभर काही विचारलं, तिने भराभर उत्तर दिलं, आणि एकमेकांचं दोघांनाही काडीचं कळलं नाही.

"ह्येंचा जमाचा नाय," आजी म्हणाली.

पाहुणे चपला शोधू लागले. आतेने सरळ मुलाचं मनगट धरलं.

"गो, हात सोड त्येचो! लोक काय म्हणतले?" आजी ओरडली. कुणासाठी, कोण जाणे.

आते त्याला ओढत मागच्या पडवीत घेऊन गेली. माडाकडे बोट केलं, आपली खूण केली आणि हनुवटी उडवली: तुझी? मग विळी, चूल, मांजर. कुर्लीला, म्हणजे खेकड्याला, त्याच्याकडे खूणच नव्हती, त्याने तिची घेतली. शिलाईच्या यंत्राला तिच्याकडे नव्हती, तिने त्याची घेतली. उन्हं उतरली, चहा निवला.

"आता ह्येंका थांबवतलो कोण?" त्याचे वडील म्हणाले आणि पुन्हा टेकले.

शिमग्याला आते माहेरी आली. ओटीवर बसायच्या आधीच हात सुरू. आजी बराच वेळ बघत होती.

"काय सांगता गो आते?" मी आजीला विचारलं.

"माका अर्धा कळाक नाय," आजी पदर खोचत म्हणाली. "थंय रमली म्हणायची. चल, तांदूळ धू."