व्याह्यांच्या मोटरबोटीत आमचा बबलू

आमचा बबलू मी देवीला देऊन टाकला, तेव्हा तो बिचारा माझ्याच हातचं बिस्किट खात होता.

बबलू म्हणजे बोकड. जन्मतःच त्याची आई मेली, म्हणून कॉलेजात जाणाऱ्या माझ्या धाकट्या लेकीनं, सायलीनं, त्याला बाटलीनं दूध पाजून वाढवला. आता दीड वर्षाचा आहे, अंगानं गुबगुबीत आहे आणि आपण माणूस आहोत अशी त्याची पक्की समजूत आहे. घरी एकटा ठेवला तर ओरडून अर्धं आंधळगाव दारात जमा करतो.

थोरल्या लेकीचं लग्न झालं आणि तिच्या सासऱ्यांनी, म्हणजे माझ्या व्याह्यांनी (आमच्याकडे त्यांना इवाई म्हणतात), नवस फेडायचा ठरवला. देवीचं ठाणं गोसेखुर्द धरणाच्या फुगलेल्या पाण्यापलीकडे. त्यांनी मोटरबोट सांगितली होती. काठाकाठानं फिरत जायचं, बोकड कापायचा, जेवायचं आणि परत यायचं. बबलूला घरी ठेवणं शक्यच नव्हतं.

निघताना सायली म्हणाली, "बाबा, तिथं बोकड कापतेत. आपल्या बबलूले काही होणार नाही ना?"

"त्यायचा बोकड अलग आहे. आन मी आहो ना!"

घाटावर इवाई उभे होते. सायली पुढं जाऊन बहिणीच्या गळ्यात पडली आणि दावं माझ्या हाती राहिलं. इवायांनी बबलूला शेपटीपासून शिंगांपर्यंत पाहिलं आणि त्यांचे डोळे भरून आले.

"काहून तरास घेतला जी, इवाई? आमी पाहून ठेवला होता ना बोकड!"

इथं एक साधं वाक्य बोलायचं होतं: हा पोरीचा लाडका आहे. पण लग्नात मानपानावरून दोन्हीकडे थोडी धुसफूस झाली होती आणि आता दहा पाहुण्यांसमोर इवाई माझे हात हातात घेऊन उभे होते. माझी छाती फुगली.

"त्यात काय जी," मी म्हणालो, "आपलं कर्तव्यच आहे."

इवायांनी लगेच फोन लावला. "आपल्यावाला बोकड राहू दे घरी. इवायानं आणला. मसाला वाढवा!"

बोट सुरू झाली. सायली बहिणीसोबत पुढं, बोट चालवणाऱ्याजवळ बसली होती. बबलू बुडू नये म्हणून तिनं त्याला लाइफ जॅकेट घातलं होतं.

"बराबर केलं," इवाई म्हणाले. "देवीपर्यंत जिता पोचला पाह्यजे."

त्यांच्या म्हाताऱ्या आईनं बबलूच्या पाठीवरून हात फिरवला, मग मांडी दाबून पाहिली. एका काकांनी तर त्याला मांडीवरच घेतला. इंजिनाच्या आवाजात सायलीला काही ऐकू जात नव्हतं, दिसत मात्र सगळं होतं. ती मागं येऊन माझ्या कानात ओरडली, "बाबा, किती लाड करून राहिले हे लोक!"

"हो ना," मी म्हणालो.

ती पुढं गेल्यावर मी हळूच सुरुवात केली. "इवाई, याचं पोट जरा बिघडलं आहे."

"आमच्या पोटात गेला का होईन दुरुस्त."

"वयही झालं जी त्याचं."

इवायांनी बबलूचं तोंड उघडून दात पाहिले आणि माझ्याकडे दयेनं बघितलं. मी हार्डवेअरवाला, मला बोकडातलं काय कळणार, असा त्यांचा चेहरा होता.

तेवढ्यात पाण्यात बुडालेलं एक झाड चुकवायला बोट वळली आणि मोठा फवारा बबलूच्या अंगावर आला. बबलूनं डोक्यापासून शेपटीपर्यंत अंग झटकलं.

झालं! बोकडावर पाणी शिंपडायचं, त्यानं अंग झटकलं का देवीनं तो स्वीकारला, ही आमच्याकडची रीत. अख्ख्या बोटीनं हात जोडले. म्हातारीनं तर तिथंच पदर पसरला. "पोचायच्या आधीच घेतला मायनं!"

मीही हात जोडले. काय करता?

पलीकडे बोट लागली आणि इंजिन बंद झालं, तशी सायलीनं मागं येऊन बबलूचं दावं हाती घेतलं. काठावर एक माणूस सुरा घेऊन तयार होता. इवाई प्रेमानं म्हणाले, "दे पोरी दावं. तुह्या बाबानं देवीले देल्ला बबलू."

सायलीनं माझ्याकडे बघितलं. "बाबा, तुमी म्हटलं असं?"

"मी कुठं म्हटलं? इवाई म्हणाले... मी फक्त नाही म्हटलं नाही."

ती रडली नाही, भांडली नाही. दावं मनगटाला गुंडाळून बबलूला कवटाळून बोटीतच बसून राहिली. धरणात उडी घ्यावी असं वाटलं, पण जॅकेट माझ्याही अंगात होतं.

शेवटी सगळ्यांसमोर सांगावं लागलं. "इवाई, पोरीनं बाटलीनं पाजून वाढवला आहे तो. मी उगाच मोठेपणा केला."

इवायांनी सुरेवाल्याला हातानं थांबवलं. मग हळूच म्हणाले, "घाटावर सांगतलं असतं तं मी माह्यावाला आणला असता जी."

शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

"आन देवीनं घेतला त्याचं काय?" काकांनी विचारलं.

"मायले लेकराचं समजते," म्हातारी म्हणाली. "नारळ फोडा आन चूप जेवा."

पलीकडे आधीच पोचलेल्यांसकट चाळीस माणसं जेवली. बोकडासाठी वाटलेला मसाला, त्यात आलू. मला कोणी एक शब्द बोललं नाही, उलट आग्रहानं रस्सा वाढला.

सायली तीन दिवस माझ्याशी बोलली नाही. चौथ्या दिवशी दुकानात डबा घेऊन आली आणि शांतपणे म्हणाली, "बाबा, मले पाहायले पाहुणे येतीन ना, तवा तुमी घरी राहू नोका."

"काहून वो?"

"चार लोकायसमोर कोणी मांगतलं, का तुमच्यानं नाही म्हणनं होत नाही."

येत्या रविवारी पाहुणे येणार आहेत. मी दुकान उघडं ठेवतो आहे.