रेषेला हात

सोपान बॉल घेऊन सुटला होता. समोर मैदान मोकळं होतं. मागून कुणाची तरी बोटं त्याच्या पाठीला लागली. तो थांबला, बॉल खाली ठेवला, हात वर केला आणि मैदानाबाहेर जाऊन बसला.

"हा कुठं चालला?" पर्सोनेल मॅनेजर कर्णिकांनी विचारलं.

"बाद झालाय, सर. त्याच्या मते," मी म्हणालो.

पिंपरीच्या ज्या कारखान्यात मी अ‍ॅप्रेंटिसांना शिकवतो, तिथली ही गोष्ट. आणीबाणी उठली होती. आमच्या कंपनीचं एका इंग्लिश कंपनीशी कोलॅबरेशन होतं. तिकडचे इंजिनिअर येणार, म्हणून मॅनेजमेंटला अचानक रग्बीची टीम हवीशी वाटली. मी कंपनीच्या कबड्डी टीमचा कोच, तेव्हा काम माझ्याकडे आलं. खेळाडूही कबड्डीचेच घेतले. धरणं, पाडणं, सुटणं त्यांना येतच होतं.

सोपान चाकणजवळच्या गावचा. मशीन शॉपमध्ये लेथवर काम करायचा, पण टेम्पररी. म्हणजे काही महिने काम, मग ब्रेक, मग पुन्हा नव्याने भरती. नोकरी सलग झाली तर कायम करावं लागेल, ते टाळायची ही पद्धत. सोपानची अशी बरीच वर्षं गेली होती. कर्णिकांनी त्याला सांगितलं होतं, "मॅचमध्ये ट्राय काढ. तुझं परमनंटचं बघतो." ट्राय म्हणजे समोरच्यांच्या शेवटच्या रेषेवर किंवा तिच्या पलीकडे बॉल जमिनीला टेकवणं.

मी कर्णिकांना म्हणालो, "सर, परमनंट होणं हा त्याच्या कामाचा हक्क आहे. ती काय ढाल नाही, मॅच जिंकल्यावर द्यायला."

"कांबळे, तुमची युनियनची पत्रकं गेटबाहेर वाटा. इथं टीम तयार करा."

केली. पहिली अडचण स्पर्शाची. कबड्डीत चढाई करणाऱ्याचा हात लागला की माणूस बाद. रग्बीत नुसता हात लागला तर काही होत नाही, पळत राहायचं. हे सोपानला कळत होतं, पण पाय ऐकत नव्हते. मग मी कँटीनमध्ये सगळ्यांना सांगून ठेवलं. रांगेत येता-जाता प्रत्येकाने सोपानला हात लावायचा. सोपानने ताट घेऊन चालत राहायचं.

"सोपानराव, गेला बाद!"

"आमटी सांडली तर तुलाच बाद करीन, भावा."

हळूहळू तो थांबेनासा झाला.

दुसरी अडचण दमाची. बॉल हातात आला की हा एका श्वासात 'कबड्डी कबड्डी' पुटपुटत पळायचा आणि निम्म्यात गळायचा.

"अरे, श्वास घे की."

"घेतला तर दम तुटला म्हनतील, मास्तर."

"इथं कुणी म्हणत नाही."

"आमच्या गावात म्हनत्यात."

त्याला चाकणच्या कांदा बाजारातल्या लिलावासारखं मोठ्याने ओरडत पळायला लावलं. ओरडायचं म्हणजे मध्ये श्वास घ्यावाच लागतो. तीही सवय सुटली. तो खरंच चांगला खेळायला लागला.

मॅच लष्करी जवानांच्या टीमशी होती. कर्णिक पाहुण्यांबरोबर मांडवात बसले होते. आम्ही थोडक्याने मागे होतो. वेळ संपत आला आणि बॉल सोपानकडे आला. एकाचा हात खांद्याला लागला, दुसऱ्याचा कमरेला. सोपान थांबला नाही. तिसऱ्याने पाय धरला. त्याला ओढत सोपान पुढे गेला, रेषेवर झेपावला, उजवा हात रेषेला लावला आणि तसाच पडून राहिला. बॉल डाव्या काखेत होता.

कबड्डीत चढाई करणारा असाच वाचतो. आमची सगळी टीम नाचायला लागली. तेवढ्यात एका जवानाने त्याच्या काखेतून बॉल काढून घेतला. शिट्टी झाली. आम्ही हरलो.

कर्णिक खाली आले. "बघू आता पुढच्या वर्षी."

सोपान गुडघ्यावरची माती झाडत होता. "साहेब, लेथवर काम अर्धं टाकून मी कधी उठलो न्हाई. तिकडचं बघा की."

कर्णिक पाहुण्यांकडे वळले.

मी त्याची केस युनियनकडे नेली. गेटवर मीटिंग झाली. तिथे रग्बीचं नावही निघालं नाही, फक्त लेथचं काम आणि ब्रेक. मॅनेजमेंटने बरंच ताणलं. शेवटी शॉपमधले सगळे जुने टेम्पररी परमनंट झाले, सोपानही.

मला वाटलं, आता हा रग्बीला कशाला येतोय. पण पुढच्या हंगामात पहिल्या दिवशी मैदानावर माझ्या आधी तोच हजर होता.

पोट पणाला लागलं की माणूस नवं शिकलेलं विसरतो आणि जुन्या सवयीला धरतो. खेळाडू सुधारायचा असेल तर आधी त्याची नोकरी पक्की करावी. कोचिंगच्या पुस्तकात हे लिहीत नाहीत.

त्या हंगामात सोपानने ट्राय काढला. बॉल नीट टेकवला, आणि मग सावकाश मागे येऊन रेषेला हातही लावला.