हेल्मेटात ठेवलेली कंपनी

प्रथम घटनांचा क्रम. नेमक्या तारखा माझ्या पत्रव्यवहारात नमूद आहेत. येथे सणांवरून सांगतो. होळीमागून येणाऱ्या गणगौरीच्या आठवड्यात आमच्या घरचे व्हिडिओ गेमचे यंत्र निरुपयोगी करण्यात आले. श्रावणातल्या तीजेच्या सुमारास त्याच्या जागी दुसरे आले. त्यापुढील संक्रांतीला, सारे जयपूर गच्चीवर पतंग उडवीत असताना, ज्याच्यामुळे ते आले त्या माणसाची नोकरी गेली.

आता जबाबदार कोण ते सांगतो. एक, ते यंत्र बनवणारी कंपनी. दोन, कोणती जोडवस्तू त्या यंत्राला चालेल आणि कोणती नाही हे ठरवणारा तिचा विभाग. तीन, 'वर' बसणारी ती व्यक्ती, जिचे नाव मला आजतागायत कोणी सांगितलेले नाही.

चौथा माणूस जबाबदार नव्हता. हे लेखन त्याच्याविषयी आहे.

तो दारात आला की बूट बाहेर काढी, हेल्मेट जमिनीवर उलटे ठेवी आणि गळ्यातले कंपनीचे ओळखपत्र काढून त्या हेल्मेटात टाकी. मग मांडी घालून बसत म्हणे, "हां, बोला काका. कंपनी हेल्मेटात गेली."

वाचकहो, कंपन्यांची माणसे आपण सर्वांनीच पाहिली आहेत. ओळखपत्र छातीवर आणि माणूस घरी ठेवून येणारी माणसे आपल्या परिचयाची आहेत. हा उलटा होता.

तो प्रथम आला तो माझ्या तक्रारीचे उत्तर म्हणून. मी विमा कंपनीच्या विधी खात्यातून निवृत्त झालो आणि शेवटच्या बदलीच्या गावी, म्हणजे जयपूरलाच राहिलो. निवृत्तीनंतर आमच्या सौभाग्यवतींना अर्धांगाचा झटका आला. बाकी शरीर सावरले, पण उजवा हात मागे राहिला. व्यायाम करवून घेणाऱ्या बाईंनी बजावले होते की हाताला आवडीचे काम द्या, नाहीतर तो कायमचा रुसेल. मुलाने ते यंत्र पाठवले. पडद्यावर चेंडू सोडून बाटल्या पाडण्याचा एक खेळ त्यांच्या मनात भरला. अडचण एवढीच की कंट्रोलरच्या इवल्याशा बटणांवर त्यांची बोटे टिकत नसत. तळहाताने मात्र दाबता येई.

उपाय त्यांनीच काढला. विश्वकर्मा औद्योगिक क्षेत्रात यंत्रांचे बटण-फलक बनवणारा एक मिस्त्री होता. त्याच्यापुढे त्यांनी माहेरचा पोळपाट ठेवला. "भैया, बडे बटन इसके ऊपर लगाओ. ये हिलता नहीं, तीन पाँव हैं."

मिस्त्रीने पोळपाट फिरवून पाहिला. "माताजी, चकले पे आज तक किसी ने काम नहीं दिया. हो जाएगा."

कंपनीचा कंट्रोलर उघडताना आतून तुटला, म्हणून त्याने बाजारातला साधा कंट्रोलर उघडून त्याच्या तारा मोठ्या लाल-हिरव्या बटणांना जोडल्या. होळीपर्यंत उजवा तळहात बाटल्या पाडू लागला होता. आणि गणगौरीच्या आठवड्यात यंत्राने इंटरनेटवरून स्वतःला नवे केले. दुसऱ्या दिवशी पडद्यावर सूचना आली की जोडलेली वस्तू अधिकृत नाही.

"अधिकृत नाही? मेल्या, माझ्या आईने रुखवतात दिलाय तो!" सौभाग्यवती पडद्याला म्हणाल्या. हसत म्हणाल्या, पण यंत्र बंद केल्यावर उजवा हात पदराखाली घेऊन बसल्या. ते मला पाहवले नाही. मी पत्र लिहावयास घेतले.

आठ-दहा दिवसांनी हा दारात उभा. सोलापूरचा, पस्तिशीचा, उन्हाने रापलेला. दारावरची मराठी पाटी वाचून एकदम मराठीतच म्हणाला, "काका, पत्र तुमचंच का? लई कडक लिवलंय. हापिसात सगळ्यांनी उभं राहून वाचलं."

"उत्तर कुठे आहे?" मी विचारले.

"वरनं येतंय की."

हे त्याचे पालुपद. सवलत कधी, दुरुस्ती कधी, निर्णय कोणाचा, सर्वांस एकच उत्तर: "वरनं येतंय की." मी चिडून त्याला कलमे ऐकवी, तो पोहे खात ऐके. एकदा म्हणाला, "काका, तुमी कलम सांगताना पोहे गार होतात बघा. माझे न्हाई, तुमचे."

धोरण मात्र त्यानेच मला समजावले, आणि प्रामाणिकपणे समजावले. कंपनी यंत्र स्वस्तात विकते आणि नफा काढते तो खेळांतून व जोडवस्तूंतून. म्हणून बाहेरच्या माणसाने काही बनवले की त्याने शुल्क भरून कंपनीचा शिक्का घ्यावयाचा. शिक्का नसेल तर यंत्र ओळख देत नाही. "म्हंजे काकूंचा पोळपाट कंपनीच्या दुकानदारीच्या आड येतो," असे म्हणून तो पोळपाटाकडे असा पाहू लागला, जणू तो पोळपाट मोठाच प्रतिस्पर्धी आहे.

त्याच्याकडे दोन कामे होती. दुकाने हिंडून बिनशिक्क्याच्या वस्तू शोधणे हे एक. कंपनीबाहेरचे कल्पक लोक शोधून त्यांच्याकडून यंत्रासाठी नव्या गोष्टी बनवून घेणे हे दुसरे. पहिल्यासाठी त्याला झोटवाड्याच्या बाजारात चहा मिळत नसे. दुसऱ्यासाठी तो गोपालपुऱ्याच्या कोचिंग क्लासांतून फिरे. "तिथं गेम म्हटलं की होस्टेलवाले मलाच हाकलतात, काका. त्यांना वाटतं पोरं बिघडवायला आलोय." वर्षभरात त्याला एकही कल्पक माणूस सापडला नव्हता.

तीजेच्या आदल्या दिवशी तो आला तो एक खोके घेऊन. ओळखपत्र हेल्मेटात गेले नाही. गळ्यातच राहिले.

"आज कंपनी आलीय," तो म्हणाला. "काकू, सही पायजे. बाहेरच्या विकासकांना, म्हंजे डेव्हलपरना, कंपनी चाचणीचं यंत्र देते. ते शिक्का इचारत न्हाई, काय बी जोडा. तुमचं नाव टाकलंय."

मी खुर्चीवरून उठलो. "विकासक? हे खोटे निवेदन आहे! माझ्या घरात खोट्या निवेदनावर सही होणार नाही. हात बरा झाला नाही तरी चालेल!"

शेवटचे वाक्य तोंडातून गेले मात्र, सौभाग्यवतींनी उजवा हात पदराखाली घेतला.

तो शांतपणे म्हणाला, "काका, तुमी सगळ्यांना व्याख्या वाचायला लावता. आज तुमी वाचा."

मी चष्मा लावला. व्याख्या सरळ होती: कंपनीच्या सेवेत नसलेली जी व्यक्ती यंत्रासाठी खेळाची अथवा जोडवस्तूची रचना करील, ती बाहेरची विकासक. वय, शिक्षण, संगणकाचे ज्ञान यांची अट कोठेही नव्हती. मी ती पुन्हा वाचली. एखादे कलम इतके निर्दोष असू शकते यावर माझा विश्वास बसेना.

"पोळपाटाची कल्पना कोणाची?" मी जबानी घ्यावी तसे विचारले.

"माझी," सौभाग्यवती म्हणाल्या. "बटणं कुठे बसवायची तेही मीच सांगितलं. तुम्ही मिस्त्रीशी पावतीवरून भांडत होता."

मी साक्षीदार म्हणून सही केली. आयुष्यात पुष्कळ कागदांवर सह्या केल्या. आनंदाने केलेली ती एकच. सही होताच त्याने ओळखपत्र काढले आणि हेल्मेटात टाकले. "वर कळवलंय, राजस्थानात एक विकासक सापडली," तो म्हणाला. "आता पोहे."

त्यानंतर तो येई तो काकूंच्या कामाचा अहवाल घ्यायला. हिरवे बटण डावीकडे सरकवा, लाल थोडे उंच हवे, असे त्या गंभीरपणे सांगत. तो लिहून घेई आणि मग खेळात त्यांच्याकडून हरे. मुद्दाम हरतो असा मला संशय होता. पण दिवाळीनंतर तो खरोखरच हरू लागला आणि चिडूही लागला.

संक्रांतीला तो शेवटचा आला. बाहेर "वो काटा!"चा गजर चालला होता. हेल्मेट त्याने नेहमीप्रमाणे उलटे ठेवले, हात गळ्याकडे नेला आणि तसाच खाली आणला. गळ्यात काही नव्हते. बाहेरच्या लोकांना जवळ करण्याचे धोरण कंपनीने गुंडाळले होते आणि त्याबरोबर ते पदही.

"वरनं आलं की उत्तर," एवढेच तो म्हणाला.

सौभाग्यवती स्वयंपाकघरात गेल्या. पोळपाट बटणांनी अडलेला. त्यांनी ओट्यावरच गुळाची पोळी लाटली. उजव्या हाताने. लाटणे दोनदा सुटले, तिसऱ्यांदा टिकले. पोळी एका बाजूने फुटून गूळ बाहेर आला होता. त्याने ती पाहिली, मग त्यांचा हात पाहिला, आणि तूप न मागता सगळी खाल्ली.

"काकू, ह्याला शिक्का लागत न्हाई बघा," म्हणाला, हेल्मेट डोक्यावर चढवले आणि सोलापूरची गाडी पकडायला निघाला.

आता कंपनीचे पत्र आले आहे: चाचणीचे यंत्र परत करावे. ज्या दिवशी बाजारातले साधे यंत्र आमचा पोळपाट स्वीकारील, त्या दिवशी मी ते स्वतः नेऊन देईन. तोवर माझी मागणी एकच आहे. ज्या धोरणाने एक हात परत मिळवून दिला ते बंद करण्याचा आणि तो मिळवून देणाऱ्या माणसाला घरी पाठवण्याचा निर्णय 'वर' नेमका कोणी घेतला, हे त्या व्यक्तीने स्वतःच्या नावाने, वर्तमानपत्रातून, जाहीरपणे सांगावे. खाजगी उत्तर मी स्वीकारणार नाही. मात्र प्रत्यक्ष यावयाचे असेल तर दार उघडे आहे. बूट बाहेर काढावेत आणि कंपनी हेल्मेटात ठेवून आत यावे.