जाड अक्षरातलं टपाल

भोर आणि वेल्हे या दोन तालुक्यांत दुसऱ्याच्या टपालाला जिवापलीकडे जपणारा माणूस एकच होऊन गेला, आणि त्याने माझा जीव अगदी नकोसा केला. भोरच्या एसटी स्टँडजवळ त्याचा, म्हणजे आमच्या चाचांचा, एसटीडी बूथ होता. त्यात त्यांनी एक कॉम्प्युटर आणला आणि त्याला मखमलीची खोळ शिवली. ज्यांची पोरं परगावी-परदेशी गेली होती, त्या घरांनी ईमेलचा पत्ता म्हणून चाचांचाच पत्ता कळवला. चाचांनी मेलमध्ये गावांचे कप्पे केले, तेही एसटीच्या थांब्यांच्या क्रमाने. मेल आलं की त्या वाटेच्या कंडक्टरकडे निरोप जाई, "पालीच्या मावशीला सांगा, लेकाचं मेल आलंय." ते स्वतः मात्र मेल उघडत नसत. ज्याचं टपाल तो समोर बसल्याशिवाय वाचणं त्यांच्या लेखी पाप होतं. ओळ जाड अक्षरात दिसली म्हणजे टपाल नवं, एवढं त्यांना पुरे असे.

पुसून टाकणं हा प्रकार त्यांना ठाऊकच नव्हता. परदेशी लॉटरीची फसवी मेलंसुद्धा त्यांनी वेगळ्या कप्प्यात जपली होती. एकाला तर उत्तरही धाडलं, "आमचं बरं चाललंय, तुमच्याकडं कुनी गरजू आसंल तर त्याला द्या." मी बोललो की म्हणत, "सर, आलेलं टपाल फेकायचं आसतं व्हय?" शेवटी तो मेलचा प्रोग्राम इतका तुंबला, की उघडेपर्यंत चहा पिऊन व्हायचा, आणि उघडला की लगेच बंद पडायचा. मी शेजारी कॉम्प्युटरचा क्लास चालवत असल्यामुळे हे संकट साहजिकच माझ्या गळ्यात पडलं. म्हटलं, "चाचा, प्रोग्राम बदलू. नवा टाकून जुनी मेलं त्यात नेऊ."

"समदी येतील?"

"येतील."

"बाकीचं गेलं तरी चालंल सर, पर पालीच्या मावशीचं जाऊ दिऊ नका. त्ये गेलं तर म्या तिला काय वाचून दावू?"

मावशीचा मुलगा बोटीवर होता. एका बंदरातून त्याने शेवटचं मेल केलं, त्यानंतर काही खबर नाही. मावशी वेल्ह्याकडून नसरापूरला गाडी बदलून भोरला यायची आणि तेच मेल पुन्हा वाचून घ्यायची. कागदावर उतरवून देऊ म्हटलं, तर म्हणायची, "मला कुठं वाचाया येतंय भाऊ? तुमीच वाचा."

नवा प्रोग्राम उघडला तर आत काहीच नाही. सगळे कप्पे रिकामे! चाचा टोपी हातात घेऊन बाकावर बसले. रागावले असते तर बरं झालं असतं. दुपारभर मी घाम पुसत जुन्या मेलांची फाइल शोधत होतो. संध्याकाळी ती सापडली आणि मेलं भराभर येऊ लागली. सगळी आली, पण जणू आत्ताच आल्यासारखी, आजच्या तारखेची आणि जाड अक्षरात. सुटलो एकदाचा, असं म्हणत मी घरी गेलो.

सकाळी चाचांनी खोळ काढली आणि त्यांना जाडच जाड ओळी दिसल्या. एकही न उघडता त्यांनी सगळ्या कंडक्टरांना निरोप दिले. दुपारी मी पाहतो तो बूथपुढे जत्रा. भोंगवलीचे एक गृहस्थ बहिणीचं मेल म्हणजे दुसरं बारसं असं धरून झबलं-टोपडं घेऊन आले होते. मेल होतं पहिल्या भाचीच्या बारशाचं, आणि ती एव्हाना शाळेत जात होती. मी कपाळाला हात लावला.

ही जुनीच मेलं आहेत हे चाचांना सांगणार, तेवढ्यात मावशी आली. निघताना आळीत साखर वाटून आली होती. चाचांनी तिला खुर्ची दिली, मेल उघडलं आणि ते मोठ्याने वाचायला लागले, "आई, हितं लई गरम हाय. दिवाळीला येतो..." आणि ते मध्येच थांबले.

"गुडघ्याला त्याल लावत जा, गवताला एकली जाऊ नगंस," मावशीनेच पुढचं म्हटलं. "वाचा की भाऊ. थांबला कशापायी?"

"मावशी, ह्ये जुनंच हाय. चुकलं माजं."

"व्हय, कळलं मला पयल्याच वळीला." मावशीने पदराने तोंड पुसलं. "मला वाटलं हुतं, तुमच्या ह्या अदलाबदलीत हरपतंय का काय. हरपलं न्हाई, लई झालं. आता सबंद वाचा."

चाचांनी सबंद वाचलं. कॉम्प्युटर उचलून नीरा नदीच्या पाण्यात टाकावा, इतका मला त्याचा राग आला होता.

ती गाडीला गेल्यावर चाचांनी पडद्याकडे बोट केलं. मेल उघडल्यामुळे तिची ओळ आता बारीक झाली होती. "सर, ही पुना जाड करता येती का?"

"येते."

"मग मला शिकवा. बाकीच्यांस्नी म्या कदी फसवनार न्हाई. पर ती आली, की तिचं टपाल नवं दिसाया पायजे."

मी शिकवलं. पुढे घरोघरी मोबाईल आले, बूथ बंद झाला आणि मावशीही यायची थांबली. चाचांनी मात्र कॉम्प्युटर मोडीत काढला नाही. शेवटचा त्यांच्याकडे गेलो तेव्हा त्यांनी खोळ काढून मला सगळे कप्पे दाखवले. सगळीकडे बारीक अक्षरं होती. पालीच्या कप्प्यात तेवढी एक ओळ जाड होती.