काकूंनी दिलेली साडी

देवासच्या आमच्या कॉलनीत बाहेरचे कलाकार महिनाभर राहिले. घरोघरचा एकेक कपडा मागून त्यांनी प्रदर्शन मांडलं. शेजारच्या काकू साधी वाटी उसनी देतानाही दोनदा बजावायच्या. पण माझ्या शब्दावर त्यांनी वारलेल्या लेकीची एकुलती उरलेली साडी दिली. प्रदर्शन पुढे इंदूरला गेलं. चार महिन्यांनी मी एसटीडीवरून चौकशी केली, तर गोदामात पाणी शिरलं म्हणून सगळं फेकून दिल्याचं कळलं.

काकू रोज कुंपणाशी विचारायच्या, "अरे, जरा पता कर ना. धुतली नव्हती रे मी ती."

एके दिवशी त्यांनी कपाटातला रिकामा केलेला कप्पा मला दाखवला. खरं सांगायला मी तोंड उघडलं आणि म्हणालो, "पुढच्या महिन्यात येईल, काकू."

त्यांनी लगेच कप्प्यात नवा कागद अंथरला.